तुझ्या ब्लाउजच्या टिपा

प्रिय आई,

उद्या भावेशची हळद आहे आणि मी आत्ता तुझ्या लग्नातला ब्लाउज मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवत बसले आहे. जाई झोळीत झोपली आहे. अंगणात मांडववाले बांबू ठोकतायत, बाबा त्यांना उगाचच सूचना देतायत, आणि माझं काम अर्ध्यावर आहे. तरी सुई बाजूला ठेवून आधी तुला लिहायला घेतलं, कारण तुझी एक लबाडी काल माझ्या हाती लागली. एवढी मोठी लबाडी तू अठ्ठावीस वर्षं पचवलीस. आता उत्तर द्यायला तू नाहीस म्हणून मी गप्प बसेन, असं वाटलं होतं का तुला?

आधी जाईचं सांगते. तू गेलीस त्याला दोन वर्षं होतील आणि ती आता पाच महिन्यांची होईल, म्हणजे तुम्हा दोघींची गाठ काही पडली नाही. नाक तुझं आहे. रागावली की खालचा ओठ पुढे काढते, तोही तुझाच. बाळंतपणाला माहेरी यायचं तर इथे करणार कोण? म्हणून मी पडघ्याला सासरीच राहिले. सासूबाईंनी माझं काही कमी केलं नाही, उलट जास्तच केलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वर साजूक तुपाची धार. नको म्हटलं की त्या म्हणायच्या, "खा गो, तुझी आई असती तर तिनं चमचा तोंडात घातला असता." असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मी खात गेले.

जाई अडीच महिन्यांची असताना भावेशचं लग्न ठरलं. तो मुद्दाम पडघ्याला आला, जाईला हातात घेऊन बसला आणि म्हणाला, "ताई, हळदीला आईच्या जागी तू बस. तिचा हिरवा शालू नेस." मग बराच वेळ तो जाईच्या टोपीचे बंद सोडत-बांधत राहिला. तुझ्या त्या दांडग्या मुलाचे डोळे मी पहिल्यांदा भरलेले पाहिले, आई. मी हो म्हटलं.

शालू तर कुणालाही होतो. ब्लाउजचं काय? तो माझ्या दंडातून वर सरकेना. पुढची हुकं आणि काजं यांच्यात वीतभर अंतर. आणि त्या क्षणी मला तुझं ते वाक्य ऐकू आलं, जे मी जन्मभर ऐकत आले होते. "तुज्या काकाचे हळदीला तू पाच महिन्यांची मांडीवर व्हतीस. आनि माज्या अंगात लग्नातला बिलाउज. एक टीप उसवली न्हाय."

किती वेळा सांगितलंस हे? गावात कुणाचंही बारसं असो, बाळंतीण जरा भरलेली दिसली की तुझी ही टीप निघायचीच. शेजारच्या काकू पदराने पोट झाकायच्या आणि तू ताठ बसायचीस. आपल्या घराण्यात पोटं सुटत नाहीत म्हणे! मला लहानपणी त्याचा केवढा अभिमान होता. आणि तेच वाक्य आठवून मी आरशासमोर ढसाढसा रडले. मला वाटलं, मी तुझी मुलगी शोभत नाही.

दापोड्याच्या गोडाऊनला माझ्यासोबत बिलिंगला बसणारी किरण तुला आठवते ना? तिला फोन केला. तिनेही बाळंतपणानंतर वजन उतरवलं होतं, पण तिचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. हे लक्षात घ्यायची बुद्धी तिलाही झाली नाही आणि मलाही. तिने पावडरीचा डबा पाठवला. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी पाण्यातून पावडर घ्यायची, दुपारी काकडी-टोमॅटो. सोबत एक कडू चहा. मी लाडू झोळीच्या उशीखाली लपवायचे आणि मग कामवाल्या बाईला देऊन टाकायचे. सासूबाईंना वाटायचं, सून पोटभर जेवते आहे.

तीन आठवड्यांत अंगावरचं खरंच उतरलं. किरण शाबासकी देत होती. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, केसांचे पुंजके निघायचे, पण ब्लाउज दंडातून वर गेला होता. मी दाराला कडी लावून रोज तो अंगात घालून बघायचे.

जाई मात्र किरकिरी झाली. प्यायला घेतलं की जोर लावून ओढायची, मध्येच तोंड काढून रडायची, पुन्हा ओढायची. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मीही म्हटलं, दृष्टच लागली असेल. आई, मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. छाती पूर्वीसारखी भरून येत नव्हती, हे बाईला कळत नाही होय? मी स्वतःला म्हणायचे, हळद होऊ दे, मग जेवेन.

साडेतीन महिन्यांच्या डोसाला जाईला दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने तिला काट्यावर ठेवलं, कार्डावर ठिपका काढला आणि मागचा ठिपका बघून पेन तसंच धरून राहिली. वर चढत आलेली रेघ तिथे आडवी झाली होती. म्हणाली, "बाळ आजारी होतं का?"

"नाही."

"अंगावरच पितंय ना? मग तुम्ही काय जेवता?"

"सगळं," मी म्हटलं.

जाईला लपेटून माझ्याकडे देताना तिने माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "आज सकाळपासून काय काय खाल्लं, तेवढंच सांगा." अकरा वाजले होते. माझ्या पोटात एक पेलाभर पावडरीचं पाणी होतं. तुझ्यानंतर मला असं कुणी विचारलं नव्हतं, आई. मी तिथल्या बाकावर बसून सगळं सांगितलं. ब्लाउजचं, हळदीचं, तुझ्या टिपेचंसुद्धा.

ती ओरडली नाही. आधी डॉक्टरमॅडमना बोलावून जाईला नीट तपासायला लावलं, मग माझ्याकडे वळली. "वजन उतरवायचं तर उतरवा की, नको कोण म्हणतंय? पण पाजता तोवर तुमच्या अंगाला जास्त लागतं. उपास करायची ही वेळ नाही. पावडर आणि तो चहा आजपासून बंद. त्यात काय घातलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तुम्ही घेता त्यातलं काही बाळाच्याही पोटात जाऊ शकतं."

"मग लाडू खाऊ?" मी चिडूनच विचारलं.

"रोज चार खायला कुणी सांगितलं? एक खा. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, मासे पोटभर खा. फरसाण, बिस्किटं, वरचं गोड कमी करा. तहान लागेल तसं पाणी प्या. बाळ मागेल तेव्हा पाजा. आणि मॅडम हो म्हणाल्या की चालायला लागा. हळूहळू उतरेल."

"हळदीपर्यंत?"

"हळद दर वर्षी कुणाची ना कुणाची असते," ती म्हणाली आणि पुढच्या बाळाला काट्यावर घेतलं.

घरी जाऊन सासूबाईंना खरं सांगितलं. मला वाटलं, त्या घर डोक्यावर घेतील. त्या नुसत्या खाली बसल्या. म्हणाल्या, "माझंही चुकलं. मी दिसेल ते तुझ्या ताटात ओतत गेले, तुला भूक किती ते विचारलंच नाही." मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. तांदळाच्या दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ, शेपू नाहीतर चवळीची भाजी, आठवड्यातून दोनदा मासे. मधल्या वेळी भूक लागली तर फुटाणे. लाडू एकच, तोही दोघींत बसून. डॉक्टरमॅडमनी परवानगी दिल्यावर संध्याकाळी ऊन कललं की जाईला छातीशी बांधून मी शेताच्या कडेने चालून यायचे. पहिल्या दिवशी विहिरीपर्यंत गेले आणि धाप लागली. आता पुलापर्यंत जाऊन येते.

दूध एका दिवसात आलं नाही. ते दहा-बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दर अर्ध्या तासाला तिला घ्यायचं, ती ओढायची, रडायची, मी रडायचे. पण परवा कार्डावर पुढचा ठिपका पडला आणि तो चांगला वर पडला. सिस्टरने कार्ड माझ्यासमोर धरलं. माझंही वजन थोडं उतरलं आहे. महिनाभर खाऊन-पिऊन, चालून जेवढं उतरायचं तेवढं. ब्लाउज मात्र अजून होत नव्हता.

म्हणून काल इथे आल्या आल्या मी तो भाभीकडे घेऊन गेले. आपल्या नाक्यावरची टेलर भाभी, जिचा नवरा लूमवर कापड विणायचा. तुझी तिची ओळख होती, पण हा ब्लाउज तिच्या येण्याच्या आधीचा. मी खालमानेने म्हटलं, "भाभी, इसकी टीप उसवनी है. आई ने कभी नहीं उसवली, पर मेरे को होताच नहीं."

भाभीने ब्लाउज उलटा केला, आत दुमडून ठेवलेली जादा कापडाची माया चिमटीत धरली आणि उजेडाकडे नेली. मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "कौन बोला नहीं खोली? ये देख."

हिरव्या टिपेच्या बाहेर भोकांची एक ओळ होती. तिच्या बाहेर दुसरी. आणि अगदी काठाला, जिथे कापड संपतं तिथे तिसरी. त्या तिसऱ्या ओळीत पांढऱ्या दोऱ्याचे दोन तुकडे अजून अडकलेले होते.

"मशीन का नहीं है," भाभी म्हणाली. "हाथ का धावदोरा है. किसी ने घर में बैठ के जल्दी जल्दी मारा है. पूरा खोल के पहना है तेरी अम्मी ने. एक सूत कपडा नहीं छोडा. बाद में फिर अंदर ले के ये हरी टीप मारी है."

मी ब्लाउज तसाच पिशवीत घालून घरी आले आणि बाबांसमोर धरला. बाबांनी भोकांवरून बोट फिरवलं आणि हसायला लागले. कितीतरी दिवसांनी हसले, आई.

"काकाचे हळदीचे दिवशी," ते म्हणाले, "दुपारची दार लावून बसली व्हती. मी आत गेलो त हातात सुई. मला म्हनली, कुनाला बोललात त बघा. तुझी आत्या आदल्या दिवशी बोललेली ना, वहिनी हंड्यासारखी फुगली म्हनून. ता तिच्या जिव्हारी लागला."

"आणि जेवायची ती तेव्हा?"

"जेवायची म्हंजे? तुला पाजायची व्हती. माझ्या ताटातला निवट्यांचे मासलीचा कालवनसुद्धा खायाची. जेवन न्हाय टाकलान तिनं. टिपा उसवल्यान."

मग बाबा म्हणाले, "आता बोललो. आता काय करनार ती मला?" आणि अंगणात गेले.

आई, मला तुझा राग आला, हे तुला सांगायलाच हवं. तू खायचीस, पाजायचीस, आणि बसत नाही म्हटल्यावर कापड मोकळं केलंस. इतकी शहाणी गोष्ट केलीस आणि ती लपवलीस. आणि आम्हाला दाखवायला ठेवलंस काय, तर ते ताठ बसणं. शेजारच्या काकूंनी पदर ओढला तेव्हा तुझ्या मनात काहीच आलं नाही का? त्या ताठ बसण्याच्या नादात माझ्या जाईचं पोट तीन आठवडे रिकामं राहिलं. दोष तुझा नाही, डबा मी उघडला होता. पण तू एकदा खरं बोलली असतीस तर?

मग हेही वाटलं, की तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. नणंदेने भरल्या घरात फुगली म्हटलं होतं, तुझी आईही जवळ नव्हती. दाराला कडी लावून ब्लाउज घालून बघणारी मी काही पहिली नाही, एवढंच मला काल कळलं. आत्ता इथे असतीस तर आधी भांडले असते आणि मग तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं असतं.

भाभी म्हणाली होती, मशीनवर पाच मिनिटांत मारून देते. मी नको म्हटलं. हिरवी टीप उसवली आहे आणि पांढऱ्या दोऱ्याने, तुझ्याच तिसऱ्या ओळीतून, तुझ्याच भोकांतून एकेक टाका घालते आहे. एक बाजू झाली. मघाशी अंगात घालून पाहिला. श्वास घेता येतो, आणि पुढची दोन हुकं काढून जाईला पाजता येतं. तुलाही येत असणार.

उद्या धवलारीण लग्नाची गाणी गायला बसेल, मी तुझ्या जागी बसून भावेशला हळद लावेन, आणि आत्या विचारेलच, "आईचा बिलाउज झाला का गो तुला?" तिला मी काय सांगणार ते ऐक. सांगेन, पूर्ण उसवला तेव्हा झाला, आत्या, आणि आईलाही तसाच झाला होता. तुझी लाज काढायला नाही सांगणार. मांडवात कुणीतरी बाळंतीण पदर ओढून बसलेली असेल, तिला ऐकू जावं म्हणून सांगेन. आणि हा दोरा मी पुन्हा कधी काढणार नाही. मी बारीक झाले तरी आतून पांढरा दोरा तसाच राहील. जाई मोठी होऊन हा ब्लाउज मागेल तेव्हा तो आधी उलटा करून तिच्या हातात देईन.

ती उठली बघ. ओठ पुढे आला आहे. तिला पाजते, मग दुसरी बाजू शिवायला घेते.

तुझी, तुझ्याच मापाची लेक,
बाय