तुमचा जावई ओ देत नाही

बाबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होते तेव्हा ते जमलंच नाही. समोरचा उलटून बोलला तर भांडण होतं, तुम्ही तर गुपचूप पान लावत बसायचे. उद्या सकाळी तुमचा जावई मला न्यायला इकडे धानोऱ्याला येतो आहे. सोबत त्याचे दोन काका आहेत आणि आपल्या ओसरीवर बैठक बसणार आहे. त्याच्या घरी परत जायचं की कायमचं आईजवळ राहायचं, हे मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. महिना झाला मी इथे आहे. पोरीची परीक्षा तोंडावर आली आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे.

मूळ दोष तुमचा, हे आधी सांगून टाकते. अकरा वर्षांपूर्वी पाहुणे मला पाहून नागभीडला परत गेले, तेव्हा मी चुलीपाशी फणकारले होते. पोरगा आला तसा गेला, तोंडातून एक शब्द नाही, आणि मी अख्खं गाव डोक्यावर घेणारी, आमचं कसं जमणार? तुम्ही भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, दोघंही बोलणारे असले तं आयकन कोण?" झालं! तुम्ही सहा महिन्यांतून एकदा काही म्हणायचे, म्हणून ते आम्हाला काळ्या दगडावरची रेघ वाटायचं. मी हो म्हटलं. आता वाटतं, तुम्हाला तो पसंत पडला कारण तो हुबेहूब तुमच्यासारखा होता. अशा माणसाच्या घरात बाईचं काय होतं, हे आईला तरी एकदा विचारायचं होतं.

मोहफुलांच्या दिवसांचं तुम्हाला काय सांगायचं. उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायचं, ज्याचं त्याचं झाड वेगळं, आणि वाकून वेचताना पाठीमागचं काही दिसत नाही. म्हणून घडीघडी एकानं हाक मारायची आणि दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ नाही आली तर काय समजायचं ते जंगलकाठच्या लेकरालाही ठाऊक असतं. यंदा तर आमच्या शिवारात वाघीण पिलं घेऊन फिरत होती. त्या दिवशी मी हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली, आणि पळसाच्या झुडपात काहीतरी खसखसलं. टोपली फेकून मी बोंबलत गावाकडे सुटले. माणसं काठ्या घेऊन, डबे वाजवत आली, तर तुमचा जावई आपल्या झाडाखाली बसून निवांत फुलं वेचत होता.

मी सगळ्या गावासमोर त्याची गचांडी धरली. आयकू नाही आलं काय, विचारलं. तो म्हणाला, "आलं. पण तू तं दिवसभर हाका मारते. सांडशी सापडली नाई तरी अशीच मारते. खरी हाक कोणती, मले कसं समजन?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी तशीच घरी गेले, पोरीला घेतलं आणि बस पकडली.

परवा आईजवळ हे सगळं ओकले. मला वाटलं, ती म्हणेल, तुझा बापही असाच होता, सोस. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "घरात तुह्या बापानं मले कधी धड उत्तर नाई देल्लं," ती म्हणाली. "पण जंगलात माही एक हाक खाली पडू देल्ली नाई. आन् म्या बी जंगलात उगाच हाक नाई मारली." शेवटचं मला उद्देशून होतं आणि ते झोंबलं. मी उगाच हाका मारते, खरं आहे. त्या घरात कोणाचा तरी आवाज यावा म्हणून मारते. पण तो वाईट नाही, बाबा. मला ताप चढला होता तेव्हा भर उन्हात सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं त्यानं, वाटेत एक शब्द न बोलता. वाईट असता तर माझं काम सोपं होतं.

आता जे आईलाही सांगितलं नाही ते सांगते. तिसरी हाक रिकामी गेली तेव्हा, ओरडायच्या आधी, माझ्या मनात आलं, चला, सुटले. खरंच आलं. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ, पण आलं. मग स्वतःलाच भिऊन धावले मी. गचांडी त्याची धरली आणि राग मला माझा आला होता. उद्या बैठकीत सगळे त्यालाच बोल लावतील आणि मी मान खाली घालून बिचारी दिसेन. ते मला सहन व्हायचं नाही. म्हणून बैठक बसायच्या आधी त्याला परसात नेऊन हे सांगणार आहे. ऐकूनही चल म्हणाला तर जाईन. एकटा परत गेला तर त्याला नाव ठेवणार नाही.

हे कागद सकाळी चुलीत जातील, तुमच्या पत्त्यावर काही पोस्टमन जात नाही. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या एका शब्दासाठी जीव टाकला, बाबा. आणि उद्या तो तोंड उघडेल, मलेही तसंच वाटलं होतं म्हणेल, याचीच मला भीती वाटते आहे.