फॅमिली मेंबर नंबर सत्तावन्न

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी साडेसात.
गाडी काल आली. घोडं गंगेत न्हालं एकदाचं. बुकिंग करून तीन वर्षं झाली. प्रतापराव समोरच्या घरातून रोज विचारायचे, गुंडोराव, गाडी कुठवर आली, बॅटरी उगवली का. आता बघा म्हणावं.
उदयरथ मोटर्स ही आपल्या बेंगळुरूचीच कंपनी. वर्षाला एक लाख इलेक्ट्रिक गाड्या काढणार आहेत. पहिल्या साठ गिऱ्हाइकांना ते गिऱ्हाईक म्हणत नाहीत, फाउंडिंग फॅमिली म्हणतात. मी मेंबर नंबर सत्तावन्न. तसं कार्ड आलं आहे. देवघरात ठेवलं.
संकल्प: दर रविवारी बेळ्ळंदूरला सुमंतकडे जेवायला जायचं. मुलगा, सून, नात, सगळे एका गावात, आणि मी बसवनगुडीत एकटा ताक घुसळत बसतो. आजवर अडचण फक्त वाहनाची होती. बसने गेलो की सुमंत म्हणायचा, अण्णा, मी न्यायला आलो असतो ना. ये म्हटलं की त्याला ऑफिसचा कॉल. आता कुणावर भार नाही.
अट एकच. त्यांनी बोलवायला हवं. आमंत्रणावाचून पानावर बसायचं नाही हा आमच्या घरचा शिरस्ता. घर पोटच्या मुलाचं असलं तरी.

त्याच दिवशी, दुपारी.
सुमंतला फोन केला. गाडी आली म्हटल्यावर खूश झाला. रविवारी काय करता असं त्याने विचारलं. रिकामटेकडा दिसू नये म्हणून सांगितलं की कंपनीला आम्हा मेंबर लोकांकडून रिपोर्ट हवे असतात, रविवार त्यातच जाणार. तो म्हणाला, सरी, ठीक आहे अण्णा, मग तुम्ही बिझी.
पुढच्या रविवारी बोलावेल.

१४ सप्टेंबर, रविवार.
बोलावलं नाही. तरी दिवस वाया घालवला नाही. रेंज टेस्ट घेतली. साउथ एंड, सिल्क बोर्ड, रिंग रोड, बेळ्ळंदूर. पावणेदोन तास. शंभरावर निघालो, पोचलो तेव्हा बॅटरी ब्याण्णव. उत्तम.
गाडी सुमंतच्या बिल्डिंगच्या गेटसमोर थांबवली. तिथे अंतर मोजायला सोपं पडतं म्हणून. वॉचमनने विचारलं कुठला फ्लॅट. म्हटलं, टेस्टिंग चालू आहे. तो म्हणाला, मग स्वल्प पुढे घेऊन टेस्टिंग करा, पाण्याचा टँकर येतोय.
पंचवीस मिनिटं थांबलो. चौदाव्या मजल्यावर त्यांच्या गॅलरीत निळा टॉवेल वाळत होता. म्हणजे सगळे घरी होते. बरं वाटलं.
घरी येऊन दहीभात. कंपनीला दोन पानी रिपोर्ट.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
पहिली तक्रार नोंदवली. हॉर्नचा आवाज मुलीच्या बापासारखा फारच नरम आहे. दोन तासांत कंपनीची व्हॅन दारात. आतून भार्गवी नावाची इंजिनिअर उतरली. निपाणीकडची, मराठी बोलते आणि मधेच कन्नडमधे शिरते, आपल्यासारखीच. मला अज्जा म्हणते, म्हणजे आजोबा. तिने हॉर्न वाजवून पाहिला आणि सरी आहे म्हणाली. मी म्हटलं, आलीच आहेस तर पुन्हा एकदा बघ.
पुन्हा बघेपर्यंत कॉफी झाली. कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, चार खाल्ली. तासभर बसली. मी तिला अडतीस वर्षं लेथवर कसं काम केलं ते सांगितलं. सातवी शिकलेला माणूस ड्रॉइंग वाचतो म्हटल्यावर तिने मान डोलावली.
या कंपनीची सर्व्हिस उत्तम आहे. हिला भवितव्य आहे.

२२ सप्टेंबर.
तक्रार: सीट थंड लागते. भार्गवी आली. कॉफी.

२६ सप्टेंबर.
तक्रार: गाडी आवाज करत नाही, त्यामुळे मी बाहेर गेलो हे गल्लीला कळत नाही. भार्गवी म्हणाली, अज्जा, हीच तर खुबी आहे हिची. तिने लॅपटॉपवर काहीतरी लिहून घेतलं. कंपनी माझ्या सूचना गंभीरपणे घेते.

१ ऑक्टोबर. आयुधपूजा.
पहाटे उठून गाडी धुतली. झेंडूच्या माळा, चारी चाकांखाली लिंबं, दारात कोहळा फोडला. फॅक्टरीत आम्ही लेथची पूजा करताना त्याच्या तोंडापासून सुरुवात करायचो. यंत्राचं तोंड ते पहिलं. त्या न्यायाने चार्जिंगचं झाकण उघडून आत हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. प्रतापराव आपल्या वीस वर्षांच्या पेट्रोल गाडीला हार घालत होते. तिकडून म्हणाले, गुंडोराव, तोंडच आहे तर साखर पण घाला.
म्हटलं खरंच की. चिमूटभर घातली.

२ ऑक्टोबर.
गाडी चार्ज होत नाही.
कंपनीला तीन पानी ईमेल. चार्जिंगची रचना मुळातच चुकली आहे, मी तुमच्या जागी असतो तर अशी करतो, वगैरे. खाली आकृती काढून फोटो जोडला. सही: मेंबर नंबर ५७.

४ ऑक्टोबर.
भार्गवी स्वतःच्या स्कूटरवर आली. व्हॅन रिपेअरला आहे म्हणाली. टॉर्च आणि बारीक ब्रश घेऊन बसली. झाकणातून हळद निघाली, तीन अक्षता निघाल्या, मग मुंग्या निघाल्या. बराच वेळ निघत होत्या. शेवटी तिने खाली मान घालून विचारलं, अज्जा, पूजा झाकण उघडून केली काय?
मी सांगितलं, ही गोष्ट मॅन्युअलमधे लिहायला हवी होती. आपल्याकडे गाडी विकायची तर आयुधपूजा धरूनच विकायला हवी. तिने लिहून घेतलं. माझ्यामुळे मॅन्युअल बदलणार.
दसऱ्याचं सोनं म्हणून ती आठवणीने आपट्याचं पान देऊन गेली. सुमंतचा मेसेज आला, हात जोडलेलं चित्र.

१२ ऑक्टोबर, रविवार.
रेंज टेस्ट, पाचवी. वॉचमनचं नाव शिवाप्पा. आता तो गाडी बघून सावलीतली जागा दाखवतो. त्याला कोडबळी दिली. म्हणाला, वरती इंटरकॉम लावू काय? म्हटलं नको. टेस्टिंग चालू असताना मधे कुणाला त्रास द्यायचा नसतो.
पस्तीस मिनिटं. आज टॉवेल नव्हता. चिंता वाटली.

१५ ऑक्टोबर.
सुमंतचा फोन. दिवाळीत कसं काय अण्णा, म्हणाला. हा आमंत्रण देणार असं वाटलं, म्हणून आधी थोडा भाव खाल्ला. म्हटलं, कंपनीचं काम दिवाळीतही थांबत नाही रे, बघू. मग तो बोलवेल आणि मी आढेवेढे घेत हो म्हणेन असा बेत होता.
तो म्हणाला, हो का. बरं. तब्येत सांभाळा.

१७ ऑक्टोबर.
पेपरात आलं आहे. उदयरथचं एक लाख गाड्यांचं टार्गेट आता दहा हजार केलं. शहाणपण आलं. अंथरूण पाहून पाय पसरावे.
फाउंडिंग फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता फक्त ॲडमिन लिहू शकतो. माझे मेसेज इतरांच्या गर्दीत हरवू नयेत म्हणून केलं असावं.

२० ऑक्टोबर. नरक चतुर्दशी.
एकट्याने तेल लावून घेतलं. पाठीला हात पोचत नाही. भिंतीला पाठ घासली, भिंतीवर डाग.
सुमंत मंडळी मित्रांबरोबर रिसॉर्टला गेली आहेत. फोनवर म्हणाला, तुम्हालाच सुट्टी नाही ना अण्णा, नाहीतर नेलं असतं.
कंपनीने निदान दिवाळीत तरी मला मोकळं सोडायला हवं होतं. तसं कळवलं.

२४ ऑक्टोबर.
कंपनीचं उत्तर आलं. "प्रिय मेंबर, तुमची भावना आमच्यापर्यंत पोचली आहे. तुमचा दिवस विद्युतमय जावो." मशीनने लिहिलेलं दिसतं. मोठ्या कंपन्यांत असंच असतं.

२ नोव्हेंबर, रविवार.
रेंज टेस्ट. चाळीस मिनिटं. नात अनुषा गेटमधून सायकल घेऊन बाहेर आली. उंच झाली आहे. गाडीकडे बघितलं, पण काचा काळ्या. शिवाप्पाने तिला आत जा म्हणून हटकलं, गेली.
काचा काळ्या असणं हा दोष आहे. तक्रार नोंदवली.

६ नोव्हेंबर.
भार्गवीला चार दिवस लागले. आली ती बसने. म्हणजे कंपनी काटकसर शिकली, चांगलं लक्षण आहे. जयनगरच्या शोरूमला कुलूप आहे म्हणाली. रंगरंगोटी चालली असणार.
काचेबद्दल तिने काही लिहून घेतलं नाही. नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. कोडबळं एकच खाल्लं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा.
बसवण्णाच्या देवळापासून रस्ते बंद. जिकडे तिकडे शेंगांचे ढीग. गाडी बाहेर निघणं अशक्य, तरी तक्रार नोंदवलेली होती (वायपर कुरकुरतो), म्हणून भार्गवी गर्दीतून चालत आली. येताना शेंगा घेऊन आली. वायपरकडे गेलीच नाही. खुर्ची ओढून बसली.
म्हणाली, अज्जा, तेवीस तक्रारी. हळदीची एक सोडली तर गाडीला काही झालेलंच नाही.
मी म्हटलं, बारकाईने बघायला नजर लागते.
मग तिने लॅपटॉप उघडला. गाडी कुठे जाते, किती वेळ थांबते, ते सगळं कंपनीला कळत असतं म्हणे. नकाशावर एकच ठिपका. दहा रविवार, बेळ्ळंदूर, त्याच गेटसमोर. तिने विचारलं, तिथे कोण राहतं?
सांगितलं, तो टेस्टिंग पॉइंट आहे.
ती शेंगा सोलत राहिली. सोललेले दाणे माझ्या बशीत टाकत होती, मला दातांमुळे फोडता येत नाहीत हे तिला कधी कळलं कोण जाणे. मग म्हणाली, आमचे बाबा निपाणीत असतात. मला कधी फोन करत नाहीत. शेजारच्या काकांना विचारतात, भार्गवीचा फोन बंद आहे काय? काका मला विचारतात. मग मी करते.
मी म्हटलं, तुझे बाबा थोडे हट्टी दिसतात.
हो म्हणाली, स्वल्प.
तिचा आज कंपनीतला शेवटचा दिवस. पुण्याला दुसरी नोकरी लागली. पुढे कोण येणार विचारलं. कुणी नाही. तीस तारखेला कंपनीचं सगळं बंद होतंय. एकूण गाड्या निघाल्या तीनशे बारा.
म्हटलं, मोठी झाडं आधी जमिनीखालीच वाढतात. जाताना एक फॉर्म भरायचा राहिला आहे म्हणाली, घरच्या कुणाचा तरी नंबर लागतो. सुमंतचा दिला. पाया पडली. कंपनीत अशी पद्धत नसावी.

२३ नोव्हेंबर, रविवार.
बेळ्ळंदूरला गेलो नाही. ठिपका दिसतो म्हटल्यावर जायला संकोच वाटला.
११.४२ ला सुमंतचा फोन. कुणी भार्गवी नावाच्या बाईने त्याला फोन केला होता. म्हणाला, अण्णा, तुम्ही गेटपर्यंत येऊन परत जाता?
म्हटलं, टेस्टिंग.
फोन चालू आहे ना म्हणून दोनदा कानापासून लांब धरून बघितला. मग तो म्हणाला, तुम्हीच दर वेळी काम आहे काम आहे म्हणता, म्हणून आम्ही विचारायचं सोडलं. अनुषा शाळेत सांगते, माझा अज्जा इलेक्ट्रिक गाड्या करतो.
यात चूक काय ते मला पटकन सापडलं नाही.
मग तो म्हणाला, पुढच्या रविवारी जेवायला या. मी ऐकू आलं नाही म्हटलं. पुन्हा म्हणाला. दोन वेळा झालं, म्हणजे पक्कं.

२९ नोव्हेंबर.
धोतर की पँट? पँट. कोडबळी, चकली, सुनेला मोगरा. पहाटे सहाला निघायचं, म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही. मग लक्षात आलं, जेवायला जायचंय. साडेदहा.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी साडेतीन. बेळ्ळंदूर, चौदावा मजला.
बारा दहाला पोचलो. शिवाप्पाने गेट उघडून सलाम ठोकला आणि म्हणाला, टेस्टिंग मुगित? संपलं का म्हणून. हो म्हटलं.
पान मांडलं होतं. कोसंबरी, भरली वांगी, गोडाला हयग्रीव. सुनेने दोनदा वाढलं. अनुषाने विचारलं, अज्जा, तू गाडीचा कुठला पार्ट केलास? चार्जिंगचं झाकण म्हटलं. अगदीच खोटं नाही.
दोन वाजता अनुषाच्या मैत्रिणीचा वाढदिवस. आधीच ठरलेला. सगळ्यांना जायचं होतं. सुमंत म्हणाला, अण्णा, तुम्हीपण चला, तिथे सगळ्यांचे आजी-आजोबा येतात. त्याने माझ्या शर्टाला हात लावून म्हटलं. मनापासून म्हटलं.
माझ्या तोंडून निघून गेलं, नको रे, मला कंपनीचा रिपोर्ट लिहायचाय.
कंपनी आज बारा वाजता बंद झाली, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तो सरी म्हणाला आणि दार ओढून घेतलं.
गाडी खाली बेसमेंटमधे आहे. तिची किल्ली फोनवरच्या कंपनीच्या ॲपमधे होती आणि ॲप आता उघडत नाही, म्हणून परतही जाता येत नाही.
त्यांनी एसी चालू ठेवला आहे, मला गरम होऊ नये म्हणून. तो बंद कसा करायचा ते सांगायला विसरले. सोफ्यावरच्या दोन उशा पोटाशी धरून बसलो आहे. सहापर्यंत येतो म्हणाले.