पंचेचाळीसचं बावीस कसं झालं

क्विल मिल्स, टॅमरॅक काउंटी
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप व्हर्नाताईस,

धाकट्या डेलबर्टचा वाकून नमस्कार. (वाकून हे मनानं. कंबर त्याला तयार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हानं जरा सैल पडला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सुखरूप. आयोनीनं सफरचंदाचा मुरंबा घातलाय, छपरावरची पानं मी अजून काढलेली नाहीत, आणि ती का काढली नाहीत यावर घरात रोज सकाळी चर्चा होते. म्हणजे सगळं ठीकच.

आता मुद्द्याचं. मावसबहीण नडीनचा तुला फोन येऊन गेला असणार. तिनं इथल्या अख्ख्या गावाला सांगितलंय, तेव्हा तुला वगळलं असेल असं वाटत नाही. डेलला म्हणे काउंटीच्या कचेरीत बंदुकीसकट पकडलं, बेड्या घातल्या आणि सगळी इमारत रिकामी केली. ताई, यातलं इमारतीचं तेवढं खरं आहे. बेड्या कोणी घातल्या नाहीत (उलट कुणीतरी मला डोनट दिला) आणि बंदूक माझ्याजवळ नव्हती. म्हणजे होती की नव्हती हाच वाद होता, आणि तो कसा मिटला हे तुला माझ्याच तोंडून कळावं म्हणून हे पत्र. कारण पिस्तूल एल्वूडदाजींचं होतं.

दाजी गेल्यावर तू ते मला दिलंस, तेव्हापासून मी दर गुरुवारी ते नेमबाजीच्या क्लबात नेतो, हे तुला ठाऊक आहेच. पण वसंतात माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी पंचेचाळीसच्या जाड गोळीला साफ मनाई केली. त्या गोळीचा धक्का काय असतो ते तुला सांगायला नको (एकदा दाजींनी हौसेनं तुझ्या हातात दिलं होतं आणि तू त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस). आता दाजींचं पिस्तूल कपाटात पडून राहावं आणि मी गुरुवारी घरी बसून हवामानाच्या बातम्या बघाव्यात, हे मला सोसेना. क्लबातल्या एकानं तोडगा सांगितला. अशा पिस्तुलाचा वरचा भाग, नळीसकट, काढता येतो आणि त्या जागी बावीसच्या बारीक गोळीचा बसवता येतो. खालचं धड तेच, मूठ तीच, कोरलेला नंबर तोच. धक्का मात्र शिंकेएवढा. परत पंचेचाळीस हवं असेल तर जुना भाग चढवायचा. मी तो वरचा भाग मागवला. घरी आला. हातात धरला तर दाजींनी खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं, आणि तोही बऱ्या खांद्यावर.

तुमच्याकडे एवढ्यावर गोष्ट संपली असती. आमच्याकडे इथून सुरू होते. इथं प्रत्येक पिस्तूल परवान्यावर नोंदवावं लागतं, त्याचा नंबर आणि नळीचं माप लिहून, आणि परवान्यावर सही असते खुद्द न्यायाधीशांची. माझ्या परवान्यावर लिहिलंय पंचेचाळीस. आता मी मारणार बावीस. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, रिकाम्या रस्त्यावरही वळताना दिवा दाखवला. मला झोप लागेना. म्हणून परवान्याच्या खिडकीवरच्या मिसेस झेलिन्स्कींना फोन केला.

मिसेस झेलिन्स्की म्हणजे वाईट बाई नव्हे. फक्त त्यांना रिकामा रकाना बघवत नाही. त्या म्हणाल्या, "मिस्टर विक्स, तुम्ही बावीस मारत असाल, तर परवान्यावरचं पंचेचाळीस गेलं कुठं?"

मी म्हटलं, "कुठं जाईल? तेच तर बावीस झालंय."

"मग पंचेचाळीस हरवल्याची खबर शेरीफला द्यायला हवी. आणि हे नवीन बावीस विनापरवाना आहे, ते जप्त व्हायला हवं."

ताई, एका फोनमध्ये मी चोरही झालो आणि चोरी झालेला गृहस्थही. मी पुष्कळ समजावलं. म्हटलं, बाई, आमच्या दाजींनी दातांची कवळी बसवली, तर आमच्या ताईचं लग्न काय पुन्हा नोंदवावं लागलं? (राग मानू नकोस, उदाहरण पटकन सुचेना.) त्यावर त्या म्हणाल्या, ते जे काय आहे ते आणा, मी बघते.

म्हणून मी मंगळवारी कचेरीत गेलो. पिस्तूल सरकारी इमारतीत नेता येत नाही हे मला पक्कं माहीत आहे, ते घरी कुलपात होतं. नेला फक्त तो वरचा भाग, स्वच्छ पुसून, आयोनीच्या बिस्किटांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. दाराशी तपासणीच्या यंत्रावर कोण असावा? पेन्हॅलोंचा रस्टिन! माझ्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसायचा आणि पुलाच्या वळणावर हमखास ओकायचा. आता शेरीफच्या पोलिसांत आहे, मिशी ठेवलीय. मला आनंद झाला. त्यानं विचारलं, "डेलकाका, डब्यात काय आहे?" आणि माझ्या तोंडून गेलं, "बिस्किटं. तुला गाडीत चालत नाहीत."

तेवढ्यात डबा यंत्रातून सरकला आणि पडद्यावर नळी दिसली.

रस्टिनच्या मिशीखालचा चेहरा एकदम पुलाच्या वळणावरचा झाला. "काका," तो म्हणाला, "प्लीज हात वर करा. आणि मला माफ करा." मी एक हात वर केला. दुसरा वर जात नाही, ऑपरेशन झालंय, हे मी सांगत होतो, तोवर त्यानं भिंतीवरचं बटण दाबलंही. अशी घंटा वाजली म्हणतेस! वरच्या मजल्यावरून, तळघरातून, कुत्र्यांचे बिल्ले काढायला आलेले, घरपट्टी भरायला आलेले, ज्यूरीत बसलेले, सगळे हिरवळीवर. त्यांच्यात मिसेस झेलिन्स्की, नियमांचं जाडजूड पुस्तक छातीशी धरून. आणि सगळ्यांत शेवटी न्यायाधीश ऑर्कट, काळ्या झग्यात, त्यांच्यामागे एक नवरी आणि एक नवरा. लग्न अर्ध्यावर आलं होतं. नवऱ्यानं "हो" म्हटलं होतं, नवरीचं राहिलं होतं.

ताई, मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! वारा बोचरा, त्या पोरीच्या अंगात पातळ पांढरा झगा, दात वाजताहेत. रोवेना तिचं नाव. मी रस्टिनला विचारलं, हात खाली करू का? तो म्हणाला, हळूच. मी माझं शिकारीचं भगभगीत नारिंगी जाकीट काढून तिला दिलं. तिनं ते घातलं, बाह्या पार बोटांच्या पुढे आल्या, आणि ती इतकी खळखळून हसली की रांगेतल्या कुत्रेवाल्या बाई पण हसल्या.

न्यायाधीश तडक माझ्याकडे आले. "मिस्टर विक्स, पिस्तुलाचा नंबर कशावर कोरलेला असतो?"

"खालच्या धडावर, साहेब."

"ते धड कुठं आहे?"

"घरी. कुलपात."

"मग डब्यात काय आहे?"

"वरचं."

त्यांनी मान उचलून रिकाम्या इमारतीकडे बघितलं. मला वाटलं, गेला परवाना. गेले गुरुवार, गेलं दाजींचं पिस्तूल, आता ताईला काय तोंड दाखवू. मग ते मिसेस झेलिन्स्कींकडे वळले. "म्हणजे मी एका पिस्तुलाच्या टोपीपायी थंडीत उभा आहे. परवान्यावर दोन्ही मापं लिहून टाका. पंचेचाळीस आणि बावीस. पिस्तूल एकच."

"साहेब, रकान्यात एकच आकडा मावतो."

"मग बारीक लिहा."

मिसेस झेलिन्स्कींनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, "बारीक लिहिता येईल." आणि ताई, त्या हसल्या! मी तर त्यांना मिठीच मारणार होतो, पण रस्टिन बघत होता.

इमारत उघडायला वेळ होता. न्यायाधीश म्हणाले, हिरवळही काउंटीचीच आहे, लग्न इथंच उरकू. पण साक्षीदार कुठाय? नवऱ्याचा, म्हणजे गॅरेटचा, मित्र घंटा वाजताच जो पळाला तो समोरच्या हॉटेलात जाऊन पॅनकेक मागवून बसला होता. न्यायाधीशांनी माझ्याकडे बोट केलं. रस्टिन घाईनं म्हणाला, "साहेब, हे अजून संशयित आहेत!" न्यायाधीश म्हणाले, "संशयिताला सही येत नाही का?" तेव्हा मी पुढं झालो. रोवेनानं नारिंगी बाहीतून हात बाहेर काढला, "हो" म्हणाली, आणि घरपट्टीच्या रांगेनं अशा टाळ्या वाजवल्या की चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. कुणीतरी डोनटचं खोकं आणलं. मिसेस झेलिन्स्की रडल्या. मीही. (तुला तो फोटो पाठवतो. नवरीपेक्षा जाकीट जास्त दिसतंय.)

त्या गुरुवारी मी क्लबात गेलो. पहिली गोळी सुटली, खांद्याला कळलंसुद्धा नाही, आणि मी एवढ्या मोठ्यानं हसलो की शेजारच्याचा नेम चुकला. गॅरेट आणि रोवेना मागं उभं राहून शिट्ट्या मारत होती. क्लबातल्या चढाओढीत माझा नंबर शेवटून दुसरा आला. दाजी असते तर म्हणाले असते, खाली अजून एक आहे ना, मग पुरे.

तेव्हा नडीनचं ऐकू नकोस. जेवण वेळेवर घे, उन्हात टोपी घाल.

तुझा भाऊ,
डेल

ता. क. पत्र वाचून बघताना लक्षात आलं की खरं काम राहिलंच. गॅरेट-रोवेनाचं घर अजून बिनछपराचं आहे, सुतार पळून गेलाय. थंडी पडली म्हणून ती दोघं सध्या आमच्या वरच्या खोलीत राहतात. वरची खोली म्हणजे तुझीच. तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणार होतीस, त्याऐवजी नाताळला आलीस तर चालेल का? की खरं तर ईस्टरलाच? तेव्हा हवाही छान असते.

ता. क. दुसरा, आयोनीच्या हातचा. वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, एवढंच सांगते की मिसेस झेलिन्स्कींनी फोनवर "त्याचा फोटो आणा" असं सांगितलं होतं. मी शेजारीच उभी होते. यांचं कानातलं यंत्र तेव्हा मुरंब्याच्या बरणीशेजारी होतं. मी कचेरीत कुणाला काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. त्या दोघांचं लग्न तेवढ्यामुळं इतकं छान झालं. आणि तुम्ही थँक्सगिव्हिंगलाच यायचं. पोरं वरच राहतील, तुम्ही माझ्या खोलीत, आणि तुमचे बंधू बैठकीत सोफ्यावर झोपतील. मी त्यांना विचारलंय. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, पण हो म्हणाले.