पेन आंधळं हाय

शुक्रवार, ५ डिसेंबर, संध्याकाळी ६

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायला नाय, माझी मला. अचानक लिहायचं खूळ कुठून आलं, ते सांगतो.

सोमवारी शाळेत डिजिटल पेन वाटली. नववीत सगळ्यांना एकेक. जाडं, मार्करसारखं. टोकाजवळ बारीक कॅमेरा. वही पण त्याचीच, ठिपक्याठिपक्यांची. तिच्यात लिहिलेलं पेनाच्या पोटात जातं. सकाळी पेन पद्मजा मॅडमच्या खोक्यात उभं करायचं, म्हणजे चार्ज होतं. दुपारी बाबांच्या मोबाईलवर रिपोर्ट. पोरानं किती मिनिटं लिहिलं. तासाच्या वर गेलं की हिरवी टिक.

मॅडम बोलल्या, हे शिकण्याचं साधन आहे, खेळणं नाही. मी बोललो, मॅडम, एवढा वेळ चार्जिंगला लावल्यावर खेळणं तरी काहीतरी करतं. बाकावर उभा.

बाबांची अट: रोज हिरवी टिक, तरच २१ तारखेला रोडपालीच्या मैदानावर. टेनिस क्रिकेट, सोळा गावं, यूट्यूबवर लाईव्ह. मी ओपनर हाय. माझ्याशिवाय आमच्या गावची टीम म्हणजे दोरीवर वाळत घातलेले अकरा टी-शर्ट.

मंगळवारी पेन निशाला दिलं. बहीण. पहिलीत हाय, चॉकलेटवर तासभर काम करते. रिपोर्ट आला: लेखन शून्य, चित्रकला ६२ मिनिटं. बाबांनी वही उघडून विचारलं, नववीच्या इतिहासात एवढ्या मांजरी कशाला? मी बोललो, किल्ल्यात उंदीर होते.

मग काल मी डोकं लावलं. टूथपेस्टचा खोका घेतला आणि त्याच्यावरचं सगळं उतरवून काढलं. साहित्य, वापरण्याची पद्धत, मुलांपासून दूर ठेवा. दोन वेळा. आज दुपारी हिरवी टिक! मॅडम काय नाय बोलल्या, बाबा काय नाय बोलले.

म्हणजे सिद्ध झालं. पेन आंधळं हाय. समोरच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं. कोण आला, कधी गेला, टाइम टाकतो. पिशवीत काय हाय बघत नाय.

मग टूथपेस्ट कशाला? स्वतःचंच लिहितो. एक तास, रोज.

सोमवार, ८ डिसेंबर

हिरवी टिक. बाबांनी जेवताना मला बोंबलाचा मोठा तुकडा दिला. संकल्प: यापुढे अभ्यास पण करणार. २१ नंतर.

काय लिहावं सुचत नाय. सांगण्यासारखं काय तरी घडवायला पाहिजे.

बुधवार, १० डिसेंबर, संध्याकाळी ५

घडवलं!

आयनं गच्चीवर बोंबील सुकत घातलेत. त्यातले दोन सकाळी खिशात टाकले. कॉम्प्युटर लॅब मधल्या सुट्टीत उघडीच असते, आत कोण नसतं. स्टुलावर चढलो, एसीचं झाकण उघडलं, बोंबील जाळीच्या मागे आडवे झोपवले, झाकण बंद. चाळीस सेकंद. उतरताना स्टूल पण वाजलं नाय. ही कामं शिकवून येत नाय, रक्तात असावी लागतात.

उद्यापासून मजा.

अजून वीस मिनिटं भरायचीत. बाबांबद्दल लिहितो. बाबा म्हणजे कमळाकर शेठ, चार डंपरचे मालक. कळंबोलीपासून उरणपर्यंत माणसं वचकून असतात. पण मोबाईलवर हिरवी टिक दिसली की विरघळतात. त्यांना हिरवी टिक दाखवून कोणी त्यांचाच डंपर त्यांना परत विकला तरी चालेल. काल आयला सांगत होते, पोरगा सुधारला. मी आतल्या खोलीत उशी तोंडात घालून हसलो.

शुक्रवार, १२ डिसेंबर

एसी लावला की वास थेट डोक्यात जातो. पद्मजा मॅडम पुण्याच्या, त्यांना कळेचना हा काय प्रकार. त्या बोलल्या, उंदीर मेलाय. उंदीर शोधायला माणूस आणला. त्यानं फवारलं, आता वासाला पण वास येतो.

मग हेडसर आले. आमच्याच बाजूचे, त्यांनी एका श्वासात ओळखलं. बोंबील! आणि थेट शाळेच्या शिपायाला, काळूराममामाला बोलावलं. लॅबची चावी मामाकडे असते, गळ्यात घालून फिरतो. हेडसर बोलले, लॅबमध्ये बसून डबा खाता काय? चावी काढून घेतली. मामाला गेटवर बसवलं, उन्हात.

हे माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं. गेट टाळून मागच्या भिंतीवरून बाहेर पडलो. वडापाव खाल्ला, थोडं बरं वाटलं.

संकल्प: खरं सांगणार. २२ तारखेला. खरं कुठे पळून जात नाय, टूर्नामेंट जाते.

सोमवार, १५ डिसेंबर

गेटवर मामाला पाणी नेऊन दिलं. मामा बोलला, "मी त जिन्याखाली जेवताव रं पोरा. आन मार्गशीर्षात मी मासली खात नाय." गळ्याकडे हात जात होता सारखा, चावी चाचपायला.

मामा आमच्याच गावचा. एकेकाळी ओपनर होता म्हणे. आता त्याला कोण खेळवतो. पण दरवर्षी मैदानाच्या कडेला उभा राहून हातानं शॉट मारत असतो.

आज लिहायला मन नाय. पण टिक. टिक टिक टिक टिक टिक.

गुरुवार, १८ डिसेंबर

धमाका! शाळेत सगळ्यात जास्त लिहिणारा विद्यार्थी: मी!! मॅडम यादी वाचताना थांबल्या. बोलल्या, परेश? तूच ना? मी बोललो, मॅडम, अक्षर बघून ओळखा. शनिवारी पालकसभेत बक्षीस.

बाबांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. कपाटातून सोन्याची चेन काढली. दोन काका आणि शिरढोणची आत्या पण येणार. सुशांत आमचा कॅप्टन, त्यानं टी-शर्टवर माझं नाव छापून घेतलंय.

जगात हुशार माणसाला अडवणारं कोण नाय.

शनिवार, २० डिसेंबर

साधं बॉलपेन. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहितोय.

मला वाटायचं, खोक्यात पेन चार्ज होतं. चार्ज होतं. आणि पोटातलं सगळं मॅडमच्या कॉम्प्युटरमध्ये ओकतं.

हॉल भरलेला. मॅडम बोलल्या, आता हे पेन मूल कसं लिहितं ते दाखवतं. अॅपनं निवडलेला आपल्या विजेत्याचा सर्वात सलग लिहिलेला उतारा बघू या. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली, मी लिहिली तशी, त्याच वेगानं. एकेक.

घ. ड. व. लं.

मॅडमनी हौसेनं वाचायला सुरुवात केली. "गच्चीवर बोंबील" पर्यंत आवाज मोठा होता. मग त्या थांबल्या. पेन नाय थांबलं. मॅडम बटण शोधत होत्या, हेडसर बोलले, राहू द्या. पालक पुढचा शब्द ओळखायला लागले. "एसी" यायच्या आधीच मागून कोणीतरी ओरडलं, एसी! मग पडद्यावर कमळाकर शेठ आले. मग डंपर. मग उशी. हॉल हसत होता, आत्या सगळ्यात जास्त. बाबा पडद्याकडे बघत होते, गळ्यातली चेन हातात धरून.

मॅडम नंतर बोलल्या, सेहेचाळीस मुलांचं रोज कोण वाचणार? म्हणजे माझं बरोबर होतं. कोणी वाचत नव्हतं. आज सगळ्यांनी एकदम वाचलं.

हेडसरांनी सगळ्यांसमोर मामाची माफी मागितली, चावी परत दिली. मामानं ती गळ्यात घातली आणि वर शर्टाचं बटण लावलं.

बाबा गाडीत एकच वाक्य बोलले, अक्षर चांगलं हाय तुझं. मग गाडी वळवून मामाच्या घरी नेली. मला पाया पडायला लावलं. मामाला बोलले, याला काय शिक्षा, तू सांग.

मामा विचार करत बसला. मला वाटलं, एसी धुवायला लावेल. मामा लाजत बोलला, "मना उंद्या खेलाचा हाय."

रविवार, २१ डिसेंबर, संध्याकाळी ७

ओपनिंगला काळूराममामा. पाठीवर "परेश" छापलेला टी-शर्ट, पोटावर ताणलेला. चावी आत.

मी सुशांतला बोललो, निदान फिल्डिंगला तरी घे. सुशांत बोलला, सगळ्या तालुक्यात तुझं अक्षर फेमस झालंय, तू स्कोअर लिही.

सकाळी नऊपासून टेबलावर. माईकवाला दर ओव्हरला ओरडायचा, स्कोअर लिहितायत बोंबीलशेठ! यूट्यूबवर, लाईव्ह.

तिसऱ्याच बॉलला मामानं सिक्स मारला. बाबा मांडवात उभं राहून नाचले. मी लिहिलं: परेश, ६. टी-शर्टवर तेच होतं. बाबा मागून आले, वाकून बघितलं, आणि मला ते खोडून काळूराम लिहायला लावलं.

आज नऊ तास लिहिलं. बोट सुजलंय. टिक नाय.