न्युस्लीच्या जबड्याखालची गाठ

सेराइना,

पिंजऱ्यात बेपो एकटाच दिसेल. न्युस्ली सकाळी गेली, दवाखान्यात, माझ्याच हातात.

तिच्या जबड्याखालची गाठ माझ्या हाताला पंधरा दिवसांपूर्वीच लागली होती. मला वाटलं, गालात गवत कोंबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गिनीपिगच्या गालात पिशवी नसतेच. ते गळू होतं, पू पार हाडात उतरला होता. वेळेवर आणली असती तर गळू फोडून, रोज धुऊन वाचली असती. तुझी आई दर रविवारी दोघांना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची, अंगभर चाचपायची. ती गेल्यापासून तो काटा मी कपाटातून काढलाच नाही. चूक माझीच.

बेपोला काकडी दे, सकाळपासून तोंडाला काही लावलेलं नाही. एकटा गिनीपिग पाळायला आपल्याकडे स्विस कायद्याने बंदी, म्हणून विंटरटूरच्या एका बाईंकडून त्याला सोबतीण उसनी आणायला चाललोय. सहापर्यंत येतो.

तू खोलीत जेवतेस, मी टीव्हीसमोर. त्याला कुठल्या कायद्याची बंदी नाही. तरी आज टेबलावर दोन ताटल्या मांडशील?

बाबा