हजेरीपटावरचं नाव

१९ नोव्हेंबर १९७२, रविवार
सुट्टी संपवून परत नगर. सुधीर अजून आलेला नाही, खोलीला कुलूप. उंदराने इकॉ.च्या नोट्स कुरतडल्या आहेत, नेमका मागणीचा धडा. बरं झालं.
घरचं लिहायला हवं. विहिरीत बादली तळाला टेकते. मोसंबीची सगळी झाडं आण्णांनी तोडली. ते तोडत होते, मी फांद्या ओढून बांधाला लावत होतो. वडिलांनी दिवसभर कुऱ्हाड खाली ठेवली नाही. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आई दोनदा पाणी घेऊन आली, बघून गेली.

२२ नोव्हेंबर
सु. आला. दारातूनच, "काय बागाईतदार, मोसंबी कुठाय?" पहिल्या वर्षी पिशवीभर आणली होती, तेव्हापासून हेच नाव पडलंय. सबंध वर्ग तेच म्हणतो. म्हणालो, यंदा सगळा माल मुंबईला गेला. का म्हणालो कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. आता निस्तरा.

४ डिसेंबर
शांताचं कार्ड. बहीण सातवीत आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं. 'आण्णा बैल घेऊन राहुरीकडच्या छावणीत गेले. मी काकूकडे जेवते. आई बरी आहे. तू अभ्यास कर.' काकूकडे का जेवते? आई बरी आहे तर घरी चूल पेटत नाही का? विचार केला आणि सोडून दिला. हल्ली विचार सोडून देणं छान जमतं.
मेसमध्ये लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेच्या ज्वारीच्या, भाकऱ्या. सगळे नावं ठेवतात. मला चव लागत नाही, त्यामुळे तक्रार नाही. दोन खाल्ल्या.

१६ डिसेंबर, शनि.
इतिहासाच्या सरांनी वर्गात जाहीर केलं, नाताळच्या सुट्टीत श्रमदान शिबिर. पाथर्डी तालुक्यात दुष्काळी काम चालू आहे, रस्त्याचं. सहा दिवस. आमच्या गावापासून ते ठिकाण दहा-बारा मैल, उलट्या बाजूला. तिथं ओळखीचं कोणी असायचं कारण नाही. नाव दिलं. सु. म्हणाला, "बागाईतदाराच्या हाताला फोड येणार!" हसलो.

२७ डिसेंबर
शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम. सकाळी ट्रकने कामावर. माणसं किती ते मोजवत नाही, बाया जास्त. ओळीने बसून खडी फोडतात, पोरं सावलीला निजवलेली. दुपारी सुकडी वाटतात, गूळ घातलेलं पीठ. पोरं बोटं चाटतात. आम्ही एक चर खणला. सरांनी फोटो काढले. खरोखरच फोड आले. इतक्यात विसरले माझे हात.

२९ डिसेंबर, शुक्र.
नीट लिहितो. नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.
कामावरचा हजेरी कारकून तापाने पडला. नवा हजेरीपट करायचा होता. ओव्हरसियरने सरांना विचारलं, सरांनी मला बसवलं, अक्षर सुवाच्य म्हणून. टेबल, वर ताडपत्री. बाया रांगेत.
प्रत्येकीची तीच अडचण. स्वतःचं नाव सांगायच्या, पुढचं विचारलं की तोंडाला पदर. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग मागची सांगायची, "लिवा, किसन." तिची पाळी आली की आणखी मागची. रांग हलेना. सु. वैतागला. मी म्हणालो, "उखाण्यात घ्या ना, मावशी!" सगळे हसले, सरही. त्या बाईनंही हसून घेतलं. मला मजा येत होती, हेही लिहून ठेवतो. बऱ्याच दिवसांनी येत होती.
मग वर बघितलं तर दोघी सोडून तिसरी आई.
मागे आमची शेजारीण सखूकाकी. म्हणजे ही तिच्याबरोबर आली, गावापासून लांबचं काम धरून, कोणाला दिसू नये म्हणून. आईने मला पाहिलं होतं, बहुधा आधीच. पदर पुढे ओढून पायाकडे बघत होती. उठायला पाहिजे होतं. सु. खांद्याशी, सर मागे. उठलो नाही. दोघींची नावं लिहिली. अक्षर बिघडलं नाही, मी पाहिलं.
"मावशी, नाव?"
असं म्हणालो मी. तिला.
"अनसूया."
"नवऱ्याचं?"
न विचारता लिहिता आलं असतं. पण सगळ्यांना विचारत होतो ना. सखूकाकी माझ्याकडे बघत होती. आधी ओळखीचं हसली, मग हसू गेलं. "आगं, ह्यो तर..." असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि आई एकदम मोठ्याने म्हणाली, "भाऊराव. भाऊराव रंगनाथ."
सबंध रांगेत स्वतःच्या तोंडाने नवऱ्याचं नाव घेतलेली ती एकटी. मागच्या बाया चपापल्या. सु. म्हणाला, "वा, या मावशी सुधारलेल्या आहेत." आडनाव मी विचारलंच नाही, लिहून टाकलं. सरांनी वाकून वाचलं, "अरे, तुमच्याच आडनावाच्या!" म्हणालो, "आमच्याकडे गावंच्या गावं एका आडनावाची असतात, सर."
आई म्हणाली, "जाऊ का, साहेब?"
मी मान हलवली.

३० डिसेंबर
पोट दुखतंय सांगून मुक्कामावर राहिलो. दुखत नव्हतं. दिवसभर छताची कौलं बघितली. तिथे जावं, तिच्या शेजारी बसावं, एवढंच. पंधरा मिनिटांची वाट. गेलो नाही.

२ जानेवारी १९७३
नगर. तास सुरू. वर्गात शिबिराचा वृत्तांत वाचला गेला. हजेरीपटाच्या कामाचा खास उल्लेख, माझं नाव. टाळ्या.
मला लाज वाटते. लिहून पाहिलं, शब्द बरोबर आहे. पण ती वाटते तिथपर्यंत माझा हात पोचत नाही. दात काढायच्या आधी सुई देतात तसं काहीतरी झालंय.

९ जानेवारी, मंगळ.
कॉलेजच्या फाटकाशी आण्णा. एक बैल बसला, औषधाला नगरला आले होते. वाळलेत. खोकला लागलाय, छावणीतल्या धुळीने म्हणतात. स्टँडजवळ चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारत, निम्मा झाल्यावर म्हणाले,
"आईचं काय?"
"खुशाल आहे. शांताचं कार्ड होतं."
"घरातच हाय ना? सखू लई मागं लागली हुती, कामावर चल म्हनून. म्या बजावून सांगितलं, आपल्या घरची बाई खडीवर बसायची न्हाई. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."
"घरीच आहे."
त्यांना बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं. गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, अभ्यास कर. सगळे हेच सांगतात.

१५ जानेवारी
परीक्षेचा फॉर्म. खोलीत दोघे भरत बसलो होतो. माझी शाई संपली, सु.ने त्याचं पेन दिलं. देताना त्याची नजर माझ्या फॉर्मवर गेली. संपूर्ण नाव मी ठळक लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, भाऊराव. तो बघत राहिला. नंतर स्वतःचा फॉर्म भरायला लागला.
"दत्ता, टीपकागद दे," म्हणाला.
दोन वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक. दिवसभरात एकदाही बागाईतदार म्हणाला नाही. संध्याकाळी मेसमध्ये माझं ताट त्याने आणून ठेवलं. त्याने शिव्या घालायला हव्या होत्या.

१८ जानेवारी
शांताचं कार्ड. 'आई म्हणते, घरी यायची घाई करू नको. तिळगूळ आल्यावर देईन.' आई म्हणते म्हणजे आई घरी येऊन गेली. माझ्याबद्दल शांताला काही सांगितलेलं दिसत नाही. रविवारी कामावर जाऊन येतो. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. ठरवलं की जाणं होणार नाही.

२१ जानेवारी, रवि.
सकाळच्या गाडीने फाट्यावर उतरलो. तिथून चालत. आई नाही. सखूकाकी खडी फोडत होती, हाताला चिंध्या गुंडाळून. मला बघून थांबली नाही.
"तिनं नाव कमी करून घेतलं इथनं. दुसऱ्या कामावर गेली."
"कुठल्या?"
"मला न्हाई सांगितलं. म्या तुला सांगीन म्हनून."
मी म्हणालो, माझ्यामुळे गेली. चुकलं माझं, काकी.
तेव्हा तिनं हातोडी ठेवली. "तुझं काय न्हाई रं. पोरगं चार शहान्या मानसांत बसल्यालं बगून ती खूशच हुती. म्हनली, अक्षर बगितलं का कसं टपोरं! पर नाव घेतलं ना तिनं मालकाचं, तोंडानं. लगीन झाल्यापून कदी घेतलं न्हवतं. आयुष्य कमी हुतं म्हनत्यात. दोन दिस पानी प्याली न्हाई. निसती म्हनायची, तिकडं त्यांला कायबाय झालं तर मी काय करू."
मला वाटत होतं, माझ्यावर राग धरला असेल. राग असता तर पाय धरता आले असते. याचं काय करू? आज पहिल्यांदा पोटात कळ आली, खरोखरची. रस्त्याच्या कडेला बसून घेतलं.
ओव्हरसियर म्हणाला, जवळपास तीन कामं आहेत, एक तलाव नि दोन रस्ते. नाव सांगितलं की तिथले लोक शोधून देतील.
पाचची नगरची गाडी आत्ताच गेली. कंडक्टरने विचारलं, मी नाही म्हणालो. फाट्यावर लिंबाखाली बसून लिहितोय. उजेड आहे तोवर तलावाकडे पोचता येईल. टेबलाशी जायचं, पूर्ण नाव सांगायचं, अनसूया भाऊराव. मग तिथला कारकून वर बघणार आणि विचारणार, तुमच्या कोण लागतात त्या.