चौथ्या पानावरचा सूर

३ मार्च. सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत वरच्या पट्टीत गाणाऱ्या, बाईंचं पत्र आलं. या बाई मेलेल्या संगीतकारांना हात लावत नाहीत, जिवंतांचंच नवं गातात. त्यावर नाव कमावलंय. मैफलीत दोन नव्या रचना: एक माझी, एक माझ्या माजी शिष्याची. जी जास्त रंगेल तीच रेकॉर्ड होणार. म्हणजे माझीच. त्या गाढवाला कशाला मध्ये घेतलं, देव जाणे.

११ मार्च. तालीम. बाई म्हणाल्या, चौथ्या पानावरचा वरचा सूर चाळीस सेकंद आहे, श्वास कुठे घेऊ? म्हटलं, तो तुमचा प्रश्न. पियानोवाला हसला. त्यालाही बघून घेईन.

१२ मार्च. बाईंनी पेन्सिलीने श्वासाची खूण केली. माझ्या रचनेत! मी खोडली. मला तालमीला यायची बंदी. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

१५ मार्च. निश्चय: बाईंशी संबंध संपला. मेल न वाचता डिलीट. मन एकदम शांत. दर दहा मिनिटांनी बघतोय, नवा आला का.

१९ मार्च. आणखी एक डिलीट. ही म्हणाली, अहो, एक तरी उघडून बघा. म्हटलं, तुला संगीतातलं काय कळतं? म्हणाली, संगीतातलं नाही, मेलमधलं कळतं. बायको आहे की वकील!

२२ मार्च, दुपारी ४. आज मैफल. आधी शिष्य, मग मी. त्याचं सुरू होताच उठून जायचं, दार आपटून. मुद्दाम मधली खुर्ची मागितलीय. दहाजणांना उठवता येईल.

२३ मार्च, सकाळी. काल कार्यक्रमपत्रिका घेतली नाही. स्वतःचं नाव वाचायला मी काय नवखा आहे? बाई आल्या, मी उठलो. हिने कोट ओढला, मी झटकला. दार झकास आपटलं. बाहेर दारावरच्या माणसाला सांगितलं, आत चाललंय त्याला संगीत म्हणत नाहीत. तेवढ्यात आतून एक लांबच लांब सूर आला. म्हटलं, ऐका, मांजराची शेपटी दारात सापडली. तो म्हणाला, मला तर आवडलं. अडाणी.

टाळ्या थांबल्यावर आत जाऊन मान ताठ करून बसलो. दोन ओळींत कळलं, हे माझं नाही.

क्रम बदलला होता. त्या सुराला गळा ताजा हवा, म्हणून माझं आधी घेतलं. मेलने कळवलं होतं म्हणे. पियानोवाला सांगत होता, बाईंनी तो सूर एका श्वासात गायला, खूण न करता. रेकॉर्ड शिष्याचंच होणार. जे लिहिणाऱ्यालाच ऐकवेना, ते लोकांच्या गळ्यात कसं मारू, असं बाई म्हणाल्या.

ही शेवटपर्यंत आत होती. माझं गाणं कसं झालं, हे आता हिलाच विचारायचंय. लाज वाटते. उठल्यापासून दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आलो.